बाइंड ९.१८ वर जायचंय, पण नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर ‘सपोर्टेड नाही’ म्हणतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयपी पत्ते, डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारी सेवा) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) हे सगळं एकाच मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून चालतं. खाली डीएनएस सर्व्हर म्हणून बाइंड ९.११ आहे. सुरक्षा विभागाने ९.१८ वर जा म्हणून तगादा लावलाय. सॉफ्टवेअरच्या कागदात ९.११ आणि ९.१६ एवढ्याच आवृत्त्या आहेत, आणि व्हेंडर म्हणतो पुढच्या मोठ्या रिलीजपर्यंत थांबा. अपग्रेड केलं तर नेमकं काय मोडेल, आणि थांबावं की जावं?

आधी कागदाबद्दल. ‘सपोर्टेड’ यादीत ९.१८ नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्यांनी ते तपासलेलं नाही. ते चालत नाही, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नसतं. दोन्हींत फरक आहे, पण तो फरक तुमच्या किती कामाचा हे तुमच्या करारावर ठरतं. यादीबाहेरची आवृत्ती दिसली की तिकीट बंद करणारा व्हेंडर असेल, तर अपग्रेडनंतर पुढचे काही महिने तुम्ही एकटे आहात हे धरून चाला. ते परवडेल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. काय मोडू शकतं आणि ते आधी कसं पकडायचं, तेवढं मात्र सांगता येईल.

खरा प्रश्न आवृत्तीच्या आकड्याचा नाहीच. तुमचं सॉफ्टवेअर बाइंडला कुठून कुठून हात लावतं, हा खरा प्रश्न आहे. डीएनएसचा तारेवरचा प्रोटोकॉल १९८७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे कागद) १०३४ आणि १०३५ पासून मुळात तोच आहे. तुमचं सॉफ्टवेअर नुसतं नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव विचारत असतं, तर समोर ९.११ आहे की ९.२० याने त्याला काडीचा फरक पडला नसता. फरक पडतो तो बाकीच्या सांध्यांवर: ते कॉन्फिग फाइल लिहितं का, झोन फाइल (एका डोमेनच्या नोंदींची फाइल) लिहितं किंवा वाचतं का, डायनॅमिक अपडेट (चालू सर्व्हरला थेट कळवलेला नोंदीतला बदल) पाठवतं का, आरएनडीसीने (बाइंड चालवण्याच्या साधनाने) हुकूम सोडतं का, आकडेवारी ओढतं का. यातले कोणते सांधे वापरात आहेत हे कागदात लिहिलेलं नसतं. एक दिवस लॉग उघडून बसलात, तर मात्र सगळं दिसतं.

सगळ्यात धोकादायक सांधा कॉन्फिग फाइलचा. माझं स्वतःचं हसं इथेच झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाइंडमध्ये एखादा पर्याय काढायचा असला की तो एका फटक्यात काढत नाहीत. आधी त्याला जुनाट ठरवतात. तो लिहिला तरी काही होत नाही, लॉगमध्ये एक इशारा येतो आणि सर्व्हर चालू राहतो. पुढच्या एखाद्या स्थिर आवृत्तीत तो पर्याय खरोखर काढला जातो, आणि मग ती ओळ म्हणजे सरळ चूक ठरते. ९.१८ मध्ये अशा पर्यायांचा मोठा गठ्ठा एकदम गेला. त्यातला सगळ्यांत जास्त लोकांना चावलेला म्हणजे ‘डीएनएससेक-एनेबल’ (डीएनएससेक म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही करण्याची पद्धत). ९.१६ मध्ये ही ओळ नुसती निरुपयोगी होती. ९.१८ मध्ये ती असेल तर कॉन्फिग वाचलंच जात नाही. ‘डीएनएससेक-लुकअसाइड’ आणि जुन्या पद्धतीचे ‘फिल्टर-एएएए’ हे पर्यायही त्याच गठ्ठ्यात गेले. आणि मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या साच्यांत दहा वर्षांपूर्वी कुणीतरी ‘डीएनएससेक-एनेबल येस’ टाकून ठेवलेलं असतं, कारण तेव्हा तो चांगला सल्ला होता.

आम्ही अपग्रेड केलं त्या रात्री सर्व्हर उठला नाही. लॉगमध्ये ‘अननोन ऑप्शन’ आणि ओळ क्रमांक. मी ती ओळ हाताने काढली, सर्व्हर उठला, नावं सुटू लागली (म्हणजे त्यांचे पत्ते मिळू लागले), सगळे झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंट सॉफ्टवेअरने नेहमीसारखं कॉन्फिग पुश केलं आणि ती ओळ परत आली. पण आता काहीच पडलं नाही! कारण चालू असलेल्या बाइंडला चुकीचं कॉन्फिग दिलं तर तो ते नाकारतो आणि मेमरीतल्या जुन्या कॉन्फिगवर निवांत काम करत राहतो. जुन्या झोनमधले रेकॉर्ड बदलत होते, कारण एकट्या झोनचा रीलोड मुख्य कॉन्फिगला हात लावत नाही. फक्त नवा झोन जोडला की तो उगवत नव्हता. आणि नवे झोन आमच्याकडे रोज होत नाहीत. आठव्या दिवशी कर्नल पॅचसाठी मशीन रीबूट झालं आणि बाइंड उठलाच नाही. पडद्यावर तोवर सगळं हिरवं होतं, कारण सॉफ्टवेअर फक्त ‘फाइल पोहोचली का’ एवढंच बघत होतं.

म्हणून माझी पद्धत आता अशी. लॅबमध्ये एका मशीनवर ९.१६ आणि दुसऱ्यावर ९.१८ टाकतो. मॅनेजमेंट सॉफ्टवेअरने लिहिलेलं खरं कॉन्फिग, म्हणजे कुणी हाताने साफ न केलेलं, आधी ९.१६ च्या ‘नेमडी-चेककॉन्फ’मधून, म्हणजे बाइंडच्या कॉन्फिग तपासणाऱ्या साधनातून, काढतो. प्रत्यक्षात ९.१६ वर थांबायचं नसतं, तिची मुदत २०२४ च्या एप्रिलमध्येच संपली. तरी ती लॅबमध्ये लागते, कारण ती बोलकी आहे: एका फेरीत सगळ्या जुनाट ओळींची यादी इशाऱ्यांच्या रूपात देते. ९.१८ रोखठोक आहे, नापास म्हणून मोकळी होते. यादी हातात आली की त्यातली प्रत्येक ओळ कुठून येते ते शोधायचं. साच्यातून येत असेल तर साचा बदलायचा. साचा बदलता येत नसेल, ती ओळ सॉफ्टवेअरच्या पोटातच असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘थांबा’ असं आहे. पुश झाल्यावर ती ओळ पुसणारी स्क्रिप्ट लावून लोक वेळ मारून नेतात. मीही एकदा नेली आहे. पण पुश आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणी रीलोड झाला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तसंच ९.१८ चे इशारे आत्ताच वाचून ठेवा. ‘ऑटो-डीएनएससेक’ ९.१८ मध्ये कुरकुर करत चालतं, ९.२० मध्ये नाही. त्याच्या जागी ‘डीएनएससेक-पॉलिसी’ लागते, जी ९.१६ पासून आहे. आणि ९.२० मध्ये आणखी एक बदल आहे, जो कुठलाही इशारा न देता लागतो: झोन ट्रान्सफर, म्हणजे अख्खा झोन दुसऱ्याला देणं, आता मुळात बंद असतं. ‘अलाउ-ट्रान्सफर’ स्पष्ट लिहिलं नसेल तर सेकंडरींना, म्हणजे मुख्य (प्रायमरी) सर्व्हरकडून झोनची प्रत घेणाऱ्या सर्व्हरना, काही मिळत नाही, आणि झोन ट्रान्सफर करून यादी ताजी करणाऱ्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरलाही नाही. सुरक्षा विभाग पुढच्या वेळी ९.२० म्हणेल तेव्हा आठवण ठेवा.

झोन फाइलचा सांधा त्या मानाने सोपा आहे, पण दोन जागा निसरड्या आहेत. पहिली सेकंडरीची. ९.९ पासून सेकंडरी झोन डिस्कवर मूळच्याच बायनरी रूपात साठवले जातात. तुमचं सॉफ्टवेअर सेकंडरीवरच्या फाइली मजकूर समजून वाचत असेल, तर त्यासाठी ‘मास्टरफाइल-फॉरमॅट टेक्स्ट’ आधीच कुणीतरी लावलेलं असेल. अपग्रेडमध्ये ते जपा. ‘मॅप’ नावाचं जे तिसरं रूप होतं ते ९.१८ मध्ये नाही, ते वापरात असेल तर आधी बदलून घ्या.

दुसरी जागा प्रायमरीची, आणि तिचा आवृत्तीशी काही संबंध नाही. अपग्रेडच्या गडबडीत ती उघडी पडते एवढंच. झोन डायनॅमिक असेल, म्हणजे डीएचसीपी किंवा इतर कुणी त्यात थेट अपडेट पाठवत असेल, तर ती फाइल बाइंडच्या मालकीची होते. बदल आधी जर्नलमध्ये (बदलांच्या वेगळ्या फाइलमध्ये) जातात आणि फाइल नंतर लिहिली जाते. मधे पंधरा मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. लिहिताना बाइंड आपल्या पद्धतीने लिहितो आणि सगळे शेरे पुसले जातात. आमच्या एका जुन्या सॉफ्टवेअरने झोनमध्ये ‘या ओळीखाली हात लावू नये’ असा शेरा टाकून स्वतःची हद्द आखली होती. झोन डायनॅमिक केल्यावर हद्दीची ती खूणच गायब झाली आणि सॉफ्टवेअरने शांतपणे सगळा झोन नव्याने लिहून काढला. एका झोनला एकच लेखक असावा. एकतर सॉफ्टवेअर फाइल लिहील, नाहीतर सगळे डायनॅमिक अपडेटने बोलतील. फाइल लिहायचीच असेल तर आधी ‘आरएनडीसी फ्रीझ’ (अपडेट थांबवणं), मग लिहिणं, मग ‘थॉ’ (ते पुन्हा सुरू करणं), आणि हा क्रम सॉफ्टवेअर पाळतं का ते लॉगमध्ये बघा.

इनलाइन साइनिंग, म्हणजे झोनवर बाइंडनेच डीएनएससेकची सही करणं, चालू केलं तर आणखी एक गंमत होते. फाइलमधला सीरियल क्रमांक (झोनची कितवी आवृत्ती ते सांगणारा) आणि सर्व्हर जगाला सांगतो तो क्रमांक वेगळे पडतात, कारण सही करताना बाइंड स्वतःचा क्रमांक पुढे नेतो. ‘सीरियल जुळत नाही’ म्हणून सॉफ्टवेअर रोज धोक्याची घंटा वाजवत असेल, तर बिघाड बहुधा डीएनएसमध्ये नाही, त्या तुलनेत आहे.

आता किल्ल्या. डायनॅमिक अपडेट आणि आरएनडीसी दोन्ही सामायिक गुप्त किल्लीवर चालतात, आणि जुन्या बसवणीत ती किल्ली बहुतेक एचमॅक-एमडी५ या जुन्या अल्गोरिदमची असते. बाइंड ९.१८ ती अजून ओळखतो. पण बाइंडबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमही बदलत असाल आणि तिथे फिप्स मोड (मान्यता नसलेले क्रिप्टो अल्गोरिदम बंद ठेवणारी सेटिंग) असेल, तर एमडी५ तिथेच मरतं, आणि दोष मात्र बाइंडच्या नावावर जातो. टीसिगचं, म्हणजे अशा किल्लीने संदेशाची खात्री पटवण्याच्या पद्धतीचं, नवं मानक, २०२० चं आरएफसी ८९४५, एमडी५ वापरू नका असंच सांगतं. तेव्हा अपग्रेडच्या आधी, जुन्या आवृत्तीवर असतानाच, शा२५६ ची किल्ली करून घ्या. दोन बदल एका रात्री केले की कशाने मोडलं ते कळत नाही. किल्ली तयार करण्यासाठी कुणाच्या स्क्रिप्टमध्ये ‘डीएनएससेक-कीजेन’ असेल तर ती नव्या आवृत्तीवर अडखळेल: ९.१४ पासून ते अशा किल्ल्या करत नाही, त्यासाठी ‘टीसिग-कीजेन’ आहे.

आरएनडीसीबद्दल एक सावधगिरी. अनेक मॅनेजमेंट सॉफ्टवेअर स्वतःबरोबर आरएनडीसीची जुनी प्रत घेऊन फिरतात. फार जुन्या प्रतीला एमडी५ शिवाय दुसरं काही येतच नाही. जोडणी नाकारली गेली की आरएनडीसी एक लांबलचक संदेश देतो, आणि त्यात पहिलंच कारण असतं ‘समोरचा सर्व्हर कमांड प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती वापरतोय’. ते वाचून लोक आवृत्त्यांचा मेळ घालत बसतात. त्याच संदेशात खाली परवानगी नाही, घड्याळं जुळत नाहीत, किल्लीचा अल्गोरिदम चुकला, किल्ली चुकली, अशीही कारणं दिलेली असतात. माझ्या हातून गेलेल्या प्रकरणांत कारण नेहमी खालच्यांपैकीच निघालं. आधी घड्याळ बघा. टीसिगमध्ये सहसा ३०० सेकंदांचा फरक चालतो, त्यापुढे ‘बॅडटाइम’. अपग्रेडसाठी जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेलं मशीन या बाबतीत हमखास दगा देतं.

देखरेखीकडे येऊ. नेटवर्क मॅनेजमेंट म्हटलं की एसएनएमपी (उपकरणांवर देखरेख ठेवण्याचा प्रोटोकॉल) आठवतं, आणि कुणीतरी विचारतंच की डीएनएसची एमआयबी (त्यातून वाचायच्या आकड्यांची ठरलेली यादी) का चालत नाही. १९९४ मध्ये आरएफसी १६११ आणि १६१२ ने ती आखली होती, लोकांनी उचलली नाही, आणि २००१ च्या आरएफसी ३१९७ ने तिला इतिहासजमा केलं. त्यामुळे सर्व्हरच्या पोटातले आकडे प्रत्येकाने आपापल्या वाटेने बाहेर काढले. बाइंडची वाट म्हणजे स्टॅटिस्टिक्स चॅनेल: एचटीटीपीवर एक्सएमएल, आणि ९.१० पासून जेसन. एक्सएमएलची रचना मधे बदलून तिसरी आवृत्ती आली, तेव्हा जुने प्लगइन आंधळे झाले होते. ९.११ वरून ९.१८ ला जाताना तो धक्का तुम्हाला बसू नये. मात्र नवं पॅकेज जेसनचा आधार न घेता बांधलेलं असू शकतं, आणि मग आलेख एकदम शून्यावर येतात. अपग्रेड करण्याआधी लॅबमधल्या सर्व्हरवर तो पत्ता एकदा उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

ज्या स्क्रिप्ट ‘डिग’चं (डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या साधनाचं) उत्तर कापून काढतात त्यांच्यावरही नजर ठेवा. ९.१२ पासून रिकर्सिव्ह उत्तरांत अथॉरिटीचा भाग मुळात गाळला जातो. तो भाग वाचून नेम सर्व्हर शोधणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परत येईल आणि बहुतेक वेळा तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

आता ज्याच्यामुळे हा सगळा वाद उभा राहतो तो आकडा. सॉफ्टवेअरला खालच्या बाइंडची आवृत्ती कळते कशी? बऱ्याचदा ते ‘व्हर्जन.बाइंड’ या नावाचा केऑस वर्गातला टेक्स्ट रेकॉर्ड विचारतं. आणि सुरक्षा विभागाने तो लपवायला लावलेला असतो! मग उत्तरच येत नाही, आणि सॉफ्टवेअर ‘अज्ञात आवृत्ती’ म्हणून अडून बसतं. तुमचा ‘सपोर्टेड नाही’ हा संदेश कागदातला आहे की पडद्यावरचा, ते एकदा बघा. पडद्यावरचा असेल तर कारण इतकं साधं असू शकतं.

उत्तर आलं तरी ते नीट वाचलं जाईलच असं नाही. आवृत्तीचे आकडे अक्षरांसारखे तुलना करणारं सॉफ्टवेअर मी पाहिलंय. त्याच्या हिशोबी ९.१८ ही ९.९ पेक्षा जुनी, कारण १ हा ९ च्या आधी येतो. दशांश समजून वाचणारं तर त्याहून भारी: त्याला ९.२० म्हणजे ९.२ दिसते, वीस वर्षांहून जुनी. अशा ठिकाणी खरी सुसंगतता शंभर टक्के असते आणि सॉफ्टवेअर तरी नाही म्हणतं.

याच्या उलट बाजूही आहे. लिनक्सच्या वितरणांनी दिलेलं ९.११ आणि मूळ ९.११ एक नसतात. मूळ प्रकल्पाने आवृत्ती सोडून दिली तरी रेड हॅटसारखी वितरणं सुरक्षेचे पॅच मागे आणून त्याच आकड्यावर लावत राहतात. म्हणून तुमच्या सुरक्षा विभागाला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या स्कॅनरने नुसता आकडा बघितलाय की पॅकेजची पूर्ण आवृत्ती? पॅकेजला वितरणाचा आधार अजून चालू असेल, तर घाई कमी होते आणि व्हेंडरच्या रिलीजपर्यंत थांबणं हा समजूतदार पर्याय ठरतो. स्वतः सोर्सवरून बांधलेलं ९.११ असेल, तर थांबणं हा पर्यायच नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? वितरणाचं पॅकेज असेल आणि आधार चालू असेल तर थांबलो असतो, पण लॅबचं काम आजच सुरू केलं असतं. नसेल, तर साचे साफ करून, किल्ल्या बदलून गेलो असतो. आधी एक सेकंडरी, काही दिवस निरीक्षण, मग बाकीच्या, प्रायमरी शेवटी. नव्या आवृत्तीची सेकंडरी आणि जुनी प्रायमरी बिनतक्रार नांदतात, कारण त्यांच्यामध्ये तोच जुना तारेवरचा प्रोटोकॉल असतो. प्रायमरीवर हात ठेवण्याआधी ‘आरएनडीसी सिंक -क्लीन’ चालवा, म्हणजे जर्नल फाइलमध्ये उतरून रिकामं होईल. मागे फिरायची वेळ आलीच तर नव्या आवृत्तीने लिहिलेलं जर्नल जुन्या आवृत्तीच्या गळ्यात पडायला नको, तेव्हा परत येतानाही हेच करा. आणि काम झालं असं म्हणण्याआधी मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून एक फालतू झोन नव्याने जोडा, त्याचं नाव सुटतंय का बघा, आणि मग मशीन मुद्दाम रीबूट करा.

९.१६ च्या चेककॉन्फने जे इशारे दिले ते जसेच्या तसे टाका, पत्ते आणि किल्ल्या तेवढ्या झाकून. साच्यातल्या ओळी कोणत्या आणि पोटातल्या कोणत्या, हे त्या यादीवरून बरंचसं सांगता येईल.